तीन नावांची बोट आणि जहाजभाऊ

सूर्य मावळायला लागला की माणसं त्याच्याकडे तोंड करून हात जोडतात. जहाजभाऊ त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. डोक्यावर मोहफुलांची टोपली असो, धानोऱ्याच्या बाजारात मिरचीवालीशी घासाघीस चाललेली असो, ऊन झाडांच्या शेंड्यांवरून उतरलं की हातातलं खाली ठेवायचे, आग्नेयेकडे वळायचे, टाचा जुळवायचे आणि दोन्ही हात मांड्यांना चिकटवून मिनिटभर ताठ उभे राहायचे. त्या मिनिटात त्यांना कुणी हाक मारली तरी ऐकू जात नसे. मग टोपली उचलून, काही झालंच नाही अशा थाटात, "हं, काय म्हनत होती बाई?" असं विचारून बोलणं पुढे सुरू करायचे.

मी त्या गावात नर्स म्हणून गेले तेव्हा हे पाहून चरकले होते. मी भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेली मुलगी. वडील तिथल्या कारखान्यात, रस्त्यांवर दिवे, कोपऱ्यावरून चंद्रपूरची एसटी. तिथून उचलून सरकारनं मला धानोऱ्याच्या आत बारा किलोमीटरवर साठ घरांच्या गावात टाकलं, याचा राग माझ्या नाकावरच असायचा. पहिल्याच महिन्यात मी जहाजभाऊंच्या थोरल्या भावाला, बुधाभाऊंना, उपकेंद्रात बोलावून शहाणपणानं सांगितलं की तुमच्या भावाला गडचिरोलीला डोक्याच्या डॉक्टरांना दाखवा.  बुधाभाऊ म्हणाले, "डोकं बरोबर आहे त्याचं बाई. पन ते इथी नाई." आणि उठून गेले. आज ते आठवलं की मला स्वतःचीच लाज वाटते.

गाव गोंडांचं. चारही बाजूंनी जंगल, आणि समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा रंग. अशा गावातला एक माणूस पंधरा वर्षं नौदलात काढून आला होता. आश्रमशाळेत दहावी झाल्यावर चंद्रपूरला भरती आहे असं कळलं, आणि ते एका मित्राला सोबत म्हणून गेले. मित्र छातीच्या मापात गळाला, हे निवडले गेले. पोहता येतं का असं साहेबानं विचारलं, तेव्हा गावच्या तळ्यात म्हशीच्या शेपटीला धरून पोहतो असं यांनी खरं ते सांगून टाकलं होतं. परत आल्यावर गावानं त्यांचं मूळ नाव बाजूला ठेवलं आणि जहाजभाऊ केलं. माझ्या रजिस्टरात त्यांचं खरं नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली तर त्यांची बायकोसुद्धा क्षणभर थांबून विचार करायची.

त्यांच्या अंगातून बोट कधी उतरलीच नाही. कुठल्याही दारातून जाताना ते पाय वीतभर उंच उचलायचे आणि मान खाली घालायचे. माझ्या उपकेंद्राला उंबरठा नव्हता, तरी उचलायचे. पावसाळ्यात नाला दुथडी भरून वाहत असतानाही आंघोळ एका बादलीत, आणि त्यातलं तांब्याभर पाणी उरवून. मी चिडवायची, भाऊ, इथे काय दुष्काळ आहे का? ते सांगायचे की चारी बाजूंनी पाणी असतं तेव्हाच प्यायचं पाणी मोजून वापरावं लागतं, ते ज्यानं पाहिलं त्याला सवय सुटत नाही. त्यांच्या बायकोला, सोमीबाईंना, या सगळ्याचा मनापासून वैताग होता. बोटीला त्या सवत म्हणायच्या. नवऱ्याची चहाची कपबशीसुद्धा भिंतीकडे सरकवून ठेवायची खोड, घर हलल्यावर पडू नये म्हणून, हीसुद्धा सवतीनंच लावली असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

बोटीवर ते इंजिनाकडे होते आणि त्यांची सगळी विद्या कानात होती. गावातल्या धान भरडायच्या गिरणीचं इंजिन बिघडलं की ते पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. एकदा पेचकस सापडेना म्हणून सरळ माझा स्टेथोस्कोप मागायला आले. मी नाही म्हटलं. तो पेशंटसाठी असतो, तेलकट करून आणाल, असं बरंच काही ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की तिकडेही पेशंटच आहे, आणि साठ घरांचं धान त्याच्यावर आहे. मी दिला. अर्ध्या तासात बेअरिंग गेल्याचं निदान करून त्यांनी स्टेथोस्कोप साबणानं धुऊन परत आणला. त्या दिवसापासून आमचं जमलं.

मग संध्याकाळी उपकेंद्राच्या पायरीवर बसून त्यांनी मला बोटीची हकीकत तुकड्यातुकड्यानं सांगितली. ती काही फार मोठी नव्हती. पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकून काढणारी, आटोपशीर अंगाची लढाऊ बोट. बर्फाच्या मुलखात, रशियात, ती बांधली गेली आणि तिथल्या नौदलात तिनं बारा वर्षं काढली. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. मग आपण ती घेतली, दुसरं नाव दिलं, आणि ती विशाखापट्टणमला राहायला आली. तिथे अठरा वर्षं. शेवटी ती समुद्रातल्या एका लहानशा देशाला दिली गेली आणि तिला तिसरं नाव मिळालं. इंजिनाच्या खोलीत प्रत्येक नळाला तिकडच्या लिपीतली पितळी पट्टी होती, तिच्याखाली आपण इंग्रजीतली बसवलेली. जहाजभाऊंना ती पहिली लिपी वाचता येत नव्हती, पण अक्षरांचे आकार ते मातीत बोटानं काढून दाखवत. नौदलात माणसाची दर दोनतीन वर्षांनी बोट बदलते. यांना मात्र साहेब लोक फिरून फिरून त्याच बोटीवर मागून घ्यायचे, कारण ते म्हातारं इंजिन दुसऱ्या कुणाचं ऐकत नसे.

बंदरात बोट उभी असली की रोज सूर्यास्ताला झेंडा उतरतो, आणि बोटीवरचा प्रत्येक माणूस असेल तिथे थांबून त्याच्याकडे तोंड करतो. त्यांचं ते संध्याकाळचं मिनिट म्हणजे हेच. आपल्या गावापासून विशाखापट्टणम नेमकं कोणत्या बाजूला, हे त्यांनी होकायंत्रावर पाहून ठेवलं होतं. बोट दुसऱ्या देशाला दिली त्या सकाळी त्यांनी आपला झेंडा उतरताना पाहिला आणि त्याच काठीवर परका झेंडा चढताना पाहिला. आपली बरीचशी माणसं उतरून गेली. यांना तिकडच्या पोरांना इंजिन शिकवायला चार महिने ठेवून घेतलं होतं. वाईट वाटलं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "वाटलं ना. मंग खाली गेलो, इंजीन चालू केलो. तेच आवाज. झेंडा बदलला ते त्याले कुठी मालूम?"

उतरताना माणसं आठवण म्हणून काहीबाही नेतात. कुणी घड्याळ, कुणी पितळी पट्टी. जहाजभाऊंनी रंगाची खपली आणली. इंजिनाच्या खोलीच्या दारापाशी गंज खरवडताना निघालेली, बोटाएवढी, जाड खपली. ती ते गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापसात ठेवत. सागाच्या ओंडक्याची वर्तुळं मोजून आपण झाडाचं वय सांगतो ना, तशी तिची कड उन्हात धरून ते मला थर दाखवायचे. सगळ्यात खाली शेंदरी, मग तिकडचा काळपट करडा, मग आपल्या करड्याचे नऊ हात, आणि सगळ्यात वर पांढुरका, नव्या मालकांचा. तो शेवटचा हात त्यांनी स्वतः मारला होता, त्या पोरांबरोबर.

आता बुधाभाऊंच्या मनातली गोष्ट सांगितली पाहिजे. या भागात माणूस गेला की त्याच्या नावानं गावाबाहेरच्या वाटेवर एक दगड उभा करतात. जंगलातून दगड निवडायचा, वेलींनी बांबूंना बांधायचा आणि कुळातल्या पुरुषांनी खांद्यावर वाहून आणायचा. गेलेल्याच्या मुलांचा खांदा सर्वांत आधी. यांचे वडील गेले तेव्हा जहाजभाऊ समुद्रात होते. बोट किनाऱ्याला लागली आणि पत्र हातात पडलं, तोवर दगडसुद्धा रोवून झाला होता. दोन मुलांचा खांदा एकट्या बुधाभाऊंनी दिला होता. त्यांनी त्याचा कधी उच्चार केला नाही, पण धाकट्याशी कामापलीकडे बोलणं तेव्हापासून बंद झालं. एकाच अंगणात दोन घरं, आणि वीस वर्षं अशीच गेली. जहाजभाऊ मला एकदाच त्याबद्दल बोलले. "पत्र वाचलो अना खाली गेलो बाई. वर रडता येत नाई, लोक असतात. बाप गेल्याची खबर मी पहिले इंजीनले सांगतलो. दुसरं कोन होतं तिथी?"

माझं त्या गावातलं नववं वर्ष असेल. होळीच्या आधी जहाजभाऊंच्या मोबाइलवर निरोप आला. गावात रेंज फक्त टेकडीवरच्या सालईच्या झाडाखाली, तिथे ते रोज एक फेरी मारून यायचे. निरोप पाठवणारा म्हणजे त्या लहान देशातला, यांनी शिकवलेल्या पोरांपैकी एक. आता तोही निवृत्तीला आला होता. बोट नौदलातून काढली, उन्हाळ्यात किनाऱ्याजवळ बुडवणार आहेत, म्हणजे तिच्यात मासे घर करतील, असं त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं. मी ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला, आणि दोन दिवस गिरणीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते गायत्याकडे, म्हणजे गावचं देवाधर्माचं पाहणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले. बोटीच्या नावानं दगड मांडायचा आहे, गावानं परवानगी द्यावी, असं त्यांनी सांगितलं.

गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या सामाईक घरात, गाव बसलं. बोलणं गोंडीत झालं. इतक्या वर्षांत मला ते पुरेसं कळत होतं. गायता वाईट माणूस नव्हता, पण त्याच्यापुढे रीत होती. दगड माणसाचा असतो, लोखंडाचा कसा मांडायचा? तो कुळाच्या जागेत असतो, या बोटीचं कूळ कोणतं? तिला तीन नावं, मग हाक कोणत्या नावानं घालायची? आणि ती अजून पाण्यावर आहे. जित्याच्या नावानं दगड मांडणं म्हणजे मरण बोलावणं. जहाजभाऊ सगळं ऐकत उभे होते. एवढंच म्हणाले की तिचं मागे कुणी नाही. पहिल्यांनी दिली, आपण दिली, आता तेही सोडतात. पंधरा वर्षांतली बारा मी तिच्या पोटात होतो, तर माझं कूळ ते तिचं कूळ धरा.

तेव्हा बुधाभाऊ उठले. वीस वर्षांत पहिल्यांदा ते भावाशी सगळ्यांसमोर बोलले. बापाच्या दगडाला खांदा द्यायला हा आला नाही आणि आता लोखंडासाठी खांदे मागतो, असं म्हणाले आणि बाहेर गेले.  गायत्यानं मोहफुलांचा हंगाम संपल्यावर पाहू म्हणून बैठक मोडली. जहाजभाऊ पायरीवर माझ्याजवळ येऊन बसले. भाऊ खोटं बोलला नाही, एवढंच ते परत परत म्हणत होते. मला बुधाभाऊंचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो चुकीचा होता. एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर वीस वर्षं अख्खा दगड होता, तो मला दिसत नव्हता.

मोह संपला, तेंदूपत्ता सुरू झाला. एका दुपारी सगळं गाव गोटुलाच्या सावलीत पानांची पुडकी बांधत बसलं होतं आणि जहाजभाऊ टेकडीवरून खाली आले. हातात मोबाइल होता. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी तो गायत्याच्या हातात दिला. माणसं भोवती जमली. आवाज नसलेलं, दोनअडीच मिनिटांचं चित्र होतं. शांत निळं पाणी, आणि त्यात एक पांढुरकी बोट, रंग उडालेली. झेंड्याची काठी रिकामी. आधी ती थोडी कलली. मग मागचा भाग पाण्यात जायला लागला, इतक्या सावकाश की बायका पुडकी बांधायच्या थांबल्या. टोक वर आलं, तसंच क्षणभर राहिलं, आणि मग गेलं. पाणी पुन्हा सपाट झालं. सोमीबाईंनी, ज्या तिला जन्मभर सवत म्हणत आल्या होत्या, पदर तोंडात धरला.

मोबाइल फिरत फिरत बुधाभाऊंच्या हातात गेला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. परत लावायला सांगितलं, परत पाहिलं. मग वर न बघता भावाला विचारलं, "आतमंधी कोनी होतं काय?"

"नाई. सगळे उतरले होते. इंजीनबी काढून घेतलं."

"मंग एकटीच गेली," बुधाभाऊ म्हणाले.

हे दोघं मराठीत का बोलले, मला माहीत नाही. कदाचित मी तिथे होते म्हणून. कदाचित घरच्या भाषेत बोलायला अजून अवघड जात असेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लसीकरणाला निघाले होते, तर बुधाभाऊ दोन हिरवे बांबू खांद्यावर घेऊन धाकट्याच्या दारात उभे होते. गायता मागोमाग आला. नावाचं काय करायचं, असं त्यानं पुन्हा काढलं. बुधाभाऊ म्हणाले, आपण दगडावर कुठे नाव लिहितो? ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. गायत्यानं मान हलवली. दगड दोघा भावांनी मिळून निवडला. लांबट, एका टोकाला निमुळता. पुढच्या बांबूला एका बाजूला बुधाभाऊ, दुसऱ्या बाजूला जहाजभाऊ. वाटेत दमल्यावर इतरांनी खांदा बदलला, यांनी दोघांनी बदलला नाही. वडिलांच्या दगडापासून चार पावलांवर खड्डा खणला होता. त्यात जहाजभाऊंनी डबीतली खपली ठेवली आणि वर दगड बसवला. मग ते बाजूला झाले, वडिलांच्या दगडाजवळ गेले आणि त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. बुधाभाऊ त्यांच्यामागे उभे होते. मी माझी लसींची पेटी घेऊन निघून गेले, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि नर्सनं रस्त्यात रडणं बरं दिसत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी बदली पोंभुर्ण्याला झाली. तोवर जहाजभाऊंची छाती खराब होत चालली होती. तरुणपणी इंजिनाच्या खोलीत ओढलेला धूर म्हातारपणी वर आला होता. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना तपासलं. स्टेथोस्कोप छातीला लावला तर म्हणाले, "सांगा बाई, बेअरिंग गेली काय?" मी म्हटलं, आवाज करते आहे, पण चालेल अजून. ते हसले. मशीनवाल्याशी खोटं बोलू नये, एवढं म्हणाले. सकाळी दोघे भाऊ मला एसटीपर्यंत पोचवायला आले. जहाजभाऊंनी माझी पेटी गाडीत चढवली, आणि गाडीच्या दारातून उतरताना पाय वीतभर उचलला.

थंडीत निरोप आला. जहाजभाऊ दुपारी अंगणात बसल्या बसल्या गेले होते. दगड मांडायच्या दिवशी मी रजा टाकून गेले. बुधाभाऊ आता काठीशिवाय चालत नव्हते, पण पुढच्या बांबूला त्यांनी खांदा दिलाच. गायत्यानं वय सांगून पाहिलं, मी रक्तदाब सांगून पाहिला. ते म्हणाले की मागे दोन मुलांचा एकट्यानं दिला होता, आज एका भावाचा देतो आहे, हे हलकं आहे.

खड्डा बोटीच्या दगडाशेजारीच होता. दगड आत सोडला, माती लोटायची तेवढी राहिली होती. बुधाभाऊंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. दगडाची सपाट बाजू वाटेकडे होती, जशी बाकी सगळ्यांची असते. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग विचारलं, "सांजच्याले तो कोन्या बाजूले तोंड करून उभा राहे?"

 गायत्याचा हात उठला, सोमीबाईंचा उठला, बांबू धरलेल्या माणसांचे उठले, मागे उभ्या बायकांचे उठले, माझाही उठला. त्यांतल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता, मीसुद्धा नाही. पण सगळ्यांची बोटं जंगलापलीकडे एकाच ठिकाणी लागली होती.

बुधाभाऊंनी काठी टाकली, दोन्ही हातांनी दगड धरला आणि तिकडे फिरवला.